“कोर्स कर, पण मला न विचारता बॅग भरू नकोस”

ताई, सप्रेम सलाम.

मी 34 वर्षांचा आहे. एका कंपनीत हिशेबाचं काम बघतो. बायको शाळेत शिकवते, मुलगी पाच वर्षांची होईल. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जागतिक मिशनकार्यावरचा 15 आठवड्यांचा कोर्स सुरू होतोय. आठवड्यातून एक संध्याकाळ, शिवाय घरी वाचन आणि थोडं लिखाण. पाळकसाहेबांनी माझं नाव जवळजवळ घातलंच आहे. मलाही ओढ आहे, लहानपणापासून मिशनऱ्यांच्या गोष्टी ऐकत आलोय. पण पाय अडतोय.

हा कोर्स केला की मिशनरी होऊन कुठेतरी जायलाच हवं, असं धरून चालतात का? ऑफिसातला माझा जवळचा मित्र म्हणाला, “मिशन म्हणजे साम्राज्यवादाची शेपटी, आणि तू त्याचा कोर्स करणार?” मला उत्तर सुचलं नाही. घरी विषय काढला तर बायको एवढंच म्हणाली, “कोर्स कर, पण मला न विचारता बॅग भरू नकोस.” तेव्हापासून हा विषय निघाला की ती भांडी जरा जोरात ठेवते. आणि एक अगदी किरकोळ शंका: शेवटच्या सत्राच्या दिवशीच मुलीचा वाढदिवस येतोय. ते सत्र चुकलं तर प्रमाणपत्र मिळतं का?

तुमचा,
एक हिशेबनीस

प्रिय हिशेबनीस,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात शहाणं वाक्य तुमच्या बायकोचं आहे. तिने कोर्सला नाही म्हटलेलं नाही, बॅगेला म्हटलंय. तिला या दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. तुमच्या डोक्यात मात्र त्या अजून एकमेकींत गुंतलेल्या आहेत, म्हणून आधी तो गुंता सोडवू.

कोर्स म्हणजे कोर्स. वाचायचं, ऐकायचं, लिहायचं. हे कोर्स साधारण चार भागांत चालतात. आधी पवित्र शास्त्र, मग इतिहास, मग भाषा आणि संस्कृती, आणि शेवटी आजचं काम कसं चालतं ते. राल्फ विंटर या अमेरिकन अभ्यासकाच्या पुढाकाराने 1970च्या दशकात सुरू झालेल्या कोर्समुळे ही मांडणी रूढ झाली आणि पुढे अनेकांनी ती उचलली. यातल्या कुठल्याही भागात बॅग भरण्याचं प्रात्यक्षिक नसतं.

पहिल्या भागात तुम्हाला मत्तयाच्या 28व्या अध्यायातली येशूची महान आज्ञा भेटेलच: जा आणि सगळ्या राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा. ती ऐकताना आपलं सगळं लक्ष ‘जा’वर जातं. मूळ ग्रीकमध्ये मुख्य क्रियापद ‘शिष्य करा’ हे आहे आणि जाण्याचं क्रियापद त्याला जोडून येतं. मराठी भाषांतरकारांनी ते नेमकं पकडलंय: ‘तुम्ही जाऊन’. त्या ‘ऊन’ प्रत्ययात सगळं आलं. जाणं हे वाक्याचं तोंड आहे, पोट पुढे आहे. त्याच वाक्यातल्या ‘राष्ट्रां’वरही थोडं थांबा. राष्ट्र म्हटलं की आपल्यासमोर झेंडा, सीमा आणि पासपोर्ट येतो. मूळ शब्द ‘एथ्ने’, म्हणजे लोकसमूह, एका बोलीचे, एका रीतीचे लोक. या एका शब्दावर गेल्या पन्नास वर्षांत मिशनच्या जगात प्रचंड खल झालाय आणि तुमच्या कोर्सचा चौथा भाग बराचसा त्यावरच उभा असेल.

तरीही तुमची शंका अगदीच बिनबुडाची नाही. काही ठिकाणी शेवटच्या संध्याकाळी वेगळंच होतं. माझंच सांगते. मी 41व्या वर्षी असा एक कोर्स केला. शेवटच्या सत्रात दिवे मंद केले, पेटीवर गीत सुरू झालं आणि वक्त्यांनी विचारलं, “कोण जाईल?” माझ्या शेजारची बाई ताडकन उठली. तिला बघून मी उठले. मला पुढे बोलावलं गेलं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली आणि मी घरी आले ती मोठं ओझं घेऊन. सहा महिने मला वाटत होतं की मी देवाला शब्द दिला आणि मोडला. पुढे ती बाई एका लग्नात भेटली. तिला विचारलं, तुमचं काय झालं? ती म्हणाली, “कशाचं? मला शेवटची बस गाठायची होती.”

हसू येतं, पण ते सहा महिने हसण्यासारखे नव्हते. म्हणून सांगते, पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, पेटीच्या सुरांवर ठरवू नका. प्रेषितांच्या कृत्यांचा 13वा अध्याय काढून बघा. बर्णबा आणि शौल अंत्युखियाहून निघाले ते एकेकटे ठरवून निघाले नव्हते. मंडळी उपासना आणि उपास करत होती, तिथे पवित्र आत्म्याचा शब्द आला, पुन्हा उपास-प्रार्थना झाली, मग हात ठेवून त्यांना पाठवलं. चार माणसांना विचारून, वेळ देऊन झालेली गोष्ट आहे ती. तुमच्या बाबतीत त्या चार माणसांतलं पहिलं माणूस कोण, ते मी सांगायला नको.

आता त्या पहिल्या माणसाबद्दल. इतिहासाच्या भागात विल्यम कॅरी येईल. न येऊन सांगतो कुणाला, आधुनिक प्रॉटेस्टंट मिशनचा जनकच म्हणतात त्याला. इंग्लंडमधला चांभारकाम करणारा, स्वतःच्या हिकमतीवर भाषा शिकलेला माणूस. 1793 साली बंगालमध्ये उतरला, 1800 साली सेरामपूरला गेला, 1805 साली त्याने मराठीचं व्याकरण छापलं. आपण मराठीत लिहिणाऱ्यांनी त्याचं देणं मानलंच पाहिजे. पण त्याच्या बायकोचं नाव तुम्हाला माहीत आहे का? डोरोथी. 1781 सालच्या लग्नाच्या नोंदवहीत तिची सही नाही, फुली आहे. तिला तेव्हा लिहिता येत नव्हतं. 1793 मध्ये नवऱ्याने परदेशी जायचं ठरवलं तेव्हा ती गरोदर होती आणि तिने सरळ नाही म्हटलं. तो थोरल्या मुलाला, फेलिक्सला, घेऊन निघालाही. पण जहाजाच्या परवानगीचं लफडं झालं, त्यांना उतरवलं गेलं आणि तो घरी परतला. तोवर डोरोथी बाळंत झाली होती, बाळ तीन आठवड्यांचं होतं. पुन्हा मनधरणी. शेवटी बहीण सोबत येत असेल तर येते, म्हणाली. पुढच्याच वर्षी तिचा पाच वर्षांचा पीटर आमांशाने गेला आणि ती मनाने कोसळली ती पुन्हा सावरली नाही. 1800 सालच्या डिसेंबरात हुगळीच्या पाण्यात कॅरीने कृष्ण पाल या सुताराला, मिशनच्या पहिल्या बंगाली अनुयायाला, बाप्तिस्मा दिला. सात वर्षं वाट पाहिलेला तो दिवस. त्या दिवशी काठावर बंगाली गीत चाललं होतं आणि घरातल्या खोलीत बंद असलेल्या डोरोथीचा आरडाओरडा त्यात मिसळत होता. 1807 साली ती वारली.

कॅरीला खलनायक करायला मी हे सांगत नाही. मानसिक आजाराबद्दल त्या काळात कुणालाच फारसं कळत नव्हतं, आणि त्याने तिला टाकून दिलं नाही. पण ती एक हो आहे ना, बहिणीच्या अटीवर, तीन आठवड्यांचं बाळ मांडीवर असताना, दार जवळजवळ उघडं असताना मिळवलेली हो, तिच्याकडे नीट बघा. तुमच्या बायकोने ही कथा वाचली असेल किंवा नसेल. तिचं वाक्य मात्र तिथूनच आल्यासारखं आहे. तेव्हा पहिल्या सत्राच्या आधी तिला स्पष्ट सांगा: कोर्स संपल्यावर सहा महिने मी कुठलाही निर्णय घेणार नाही, आणि घेईन तेव्हा तो आपला दोघांचा असेल. ‘सध्या तरी तसं काही नाही’ असं गुळमुळीत बोलू नका. ‘सध्या तरी’ ऐकलं की भांडी आणखी जोरात ठेवली जातात.

मित्राच्या प्रश्नाकडे येते. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पत्रातला हाच प्रश्न तुम्ही घाईघाईने उरकलाय, आणि कोर्समध्येही तो घाईघाईने उरकला जाण्याची भीती आहे.

मित्राचं म्हणणं पुष्कळदा खरं आहे. कार्ल ग्युत्सलाफ हा जर्मन मिशनरी घ्या. 1830च्या दशकात तो चीनच्या किनाऱ्यावर दुभाषा म्हणून जार्डिन या व्यापाऱ्याच्या जहाजावर गेला. जहाजात अफू होती. जहाजाच्या एका बाजूने अफूच्या पेट्या उतरत आणि त्याच फेरीत हा माणूस धर्मपत्रकं वाटत असे. पुढे दोन अफूयुद्धांनंतर चीनवर लादलेल्या तहांनी परदेशी व्यापाऱ्यांना जे मिळालं, त्यासोबत मिशनऱ्यांना देशाच्या आत जाण्याचा हक्कही मिळाला. चिनी माणसाच्या आठवणीत या दोन गोष्टी एकत्र राहिल्या तर त्याला दोष कसा देणार?

आता दुसरी बाजू, तीही तितकीच खरी. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नकोच होते, धंद्यात बिब्बा पडेल म्हणून. कॅरी सेरामपूरला राहिला, कारण ती जागा डॅनिश राज्याची होती. 1813 साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईला उतरले तेव्हा त्यांना परत पाठवायचे हुकूम निघाले होते. आणि काँगोची गोष्ट तर मित्राला मुद्दाम सांगा. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड रबरासाठी तिथल्या लोकांना पिळत होता. 1899 साली विल्यम शेपर्ड हा मिशनरी एका छावणीत पोचला. हा स्वतः कृष्णवर्णीय अमेरिकन. तिथे शेकोटीवर माणसांचे तोडलेले उजवे हात धुरावत ठेवले होते, वरिष्ठांना हिशेब दाखवायला. शेपर्डने ते मोजले. 81. त्याने जे पाहिलं ते लिहिलं, पुढेही लिहीत राहिला, आणि 1909 साली रबर कंपनीने त्याच्यावर बदनामीचा खटला भरला. तो सुटला.

तर एका शतकात, एकाच धर्माची दोन माणसं: एक अफूच्या जहाजावर, एक हात मोजणारा. मित्राला एकच दिसतो, मंडळीतल्या गोष्टींत दुसराच दिसतो. तुम्ही हिशेबनीस आहात. जमा आणि खर्च वेगवेगळ्या रकान्यांत लिहायचे असतात, एकातून दुसरं वजा करून फक्त शिल्लक दाखवली तर तुमचा लेखापरीक्षक काय म्हणेल? कोर्सकडूनही तेच मागा. मित्राला मात्र लगेच उत्तर द्यायला जाऊ नका. “तू म्हणतोस त्यात तथ्य आहे, 15 आठवडे थांब, मग बोलू” असं म्हणालात तर तो कदाचित दर आठवड्याला स्वतःच विचारायला येईल. मित्र असाच हवा.

मला या सगळ्यात खरं सांगायचंय ते पुढचं. मिशनचा इतिहास बहुतेक वेळा जहाजावरून सांगितला जातो. कोण निघालं, किती महिने लागले, कोण तापाने गेलं. किनाऱ्यावर जे उभे होते त्यांची बाजू फार कमी वेळा येते. माझ्या कोर्समध्ये एका बाईंनी एक साधा खेळ घेतला होता. कागद वाटले आणि म्हणाल्या, पाच मिशनऱ्यांची नावं लिहा. दोन मिनिटांत सगळ्यांची लिहून झाली, काहींची तर आठ-आठ. मग म्हणाल्या, आता याच मिशनऱ्यांना भाषा कुणी शिकवली, त्यांची नावं लिहा. वर्गात नुसते पंख्याचे आवाज. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तेवढं ‘वैजनाथ पंडित’ लिहिलं होतं, कॅरीला मराठीत मदत करणारे. बाकी सगळे कागद कोरे. मी शिक्षिका होते, व्याकरण शिकवायचे, आणि माझाही कागद कोरा होता. ती लाज मला अजून आठवते.

किनाऱ्यावरून पाहिलं की तीच माणसं वेगळी दिसतात. सॅम्युअल अजायी क्राउथर घ्या. आजच्या नायजेरियातला योरुबा मुलगा, 1821 साली गुलाम म्हणून पकडला गेला, ब्रिटिश आरमाराने पोर्तुगीज जहाजावरून सोडवला, पुढे शिकला, 1864 साली अँग्लिकन मंडळीचा पहिला आफ्रिकी बिशप झाला. योरुबा भाषेतल्या बायबलचं काम त्याचं. इथवर गोष्ट मंडळीत सांगतात. पुढची सांगत नाहीत. म्हातारपणी, 1890च्या सुमारास, तरुण युरोपियन मिशनऱ्यांनी त्याच्या कारभाराची चौकशी लावली, त्याच्या हाताखालच्या आफ्रिकी सेवकांना निलंबित केलं आणि त्याचे अधिकार काढून घेतले. 1891च्या शेवटच्या दिवशी तो वारला आणि त्याच्या जागी युरोपियन बिशप आला. तुमच्या कोर्सच्या पानांत क्राउथर कुठल्या साली संपतो, ते बघा. 1864 साली संपत असेल तर समजून जा.

1910 साली एडिनबरोला जागतिक मिशन परिषद भरली. सुमारे 1200 प्रतिनिधी, त्यात आशियातले वीसही नव्हते. त्या वीसांत व्ही. एस. अझरिया हा तिशीतला तमिळ माणूस होता. भाषण करायला उभा राहिला आणि म्हणाला की तुम्ही तुमची संपत्ती दिलीत, जीवही दिलेत, पण आम्ही प्रेमही मागतो, आम्हाला मित्र द्या. सभेत चुळबूळ झाली. दोनच वर्षांनी तो पहिला भारतीय अँग्लिकन बिशप झाला. आणखी साठेक वर्षांनी, 1971 साली, केनियाच्या जॉन गाटू या मंडळीप्रमुखाने याहून कडक मागणी केली: निदान पाच वर्षं तुमचे मिशनरी आणि तुमचा पैसा दोन्ही थांबवा, आम्हाला आमच्या पायांवर उभं राहू द्या. पाठवणाऱ्यांना ते फार झोंबलं. मला विचाराल तर कोर्समधल्या सगळ्यात महत्त्वाच्या संध्याकाळी या दोन भाषणांवर व्हायला हव्यात.

भाषा आणि संस्कृतीचा भाग तुम्हाला आवडेल, त्याबद्दल मला काळजी नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला आणि 1616 साली त्याचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, मराठीत, ओवीत. ऐकणाऱ्याच्या कानाला जी चाल आपली वाटते तीत सांगायचं, हे त्याला कळलं होतं. मात्टेओ रिची या इटालियन जेझुइटाने चीनमध्ये आधी बौद्ध भिक्षूचा वेश घेतला, मग लक्षात आलं की मान विद्वानांना आहे, तेव्हा त्यांचा झगा घातला. वेश बदलणं सोपं, शब्द निवडणं अवघड. चिनी भाषेत देवाला काय म्हणायचं, ‘शांगदी’ की ‘शेन’, यावर प्रॉटेस्टंट मिशनरी 19व्या शतकात इतके भांडले की शेवटी बायबलच्या दोन वेगळ्या आवृत्त्या निघाल्या, मजकूर तोच, शब्द तेवढा वेगळा. आजही दोन्ही छापल्या जातात. वर्गात हा विषय निघाला की एक काम करा. ‘पाप’ हा शब्द तुमच्या मित्राच्या कानावर पडतो तेव्हा त्याच्या मनात काय येतं, ते त्याला विचारा आणि लिहून न्या. अर्ध्या पानाचा स्वाध्याय होईल आणि तो पुस्तकातल्या कुठल्याही उदाहरणापेक्षा जिवंत असेल.

चौथ्या भागात मात्र सावध बसा. तिथे नकाशे येतील, त्यावर लाल ठिपके येतील. ‘10/40 खिडकी’ हा शब्द येईल: 10 आणि 40 उत्तर अक्षांशांमधला, पश्चिम आफ्रिकेपासून पूर्व आशियापर्यंतचा पट्टा, 1990च्या सुमारास रूढ झालेला. सुवार्ता न पोचलेल्या लोकसमूहांच्या याद्या येतील आणि त्यात साधारण 2 टक्क्यांची रेघ ओढलेली असेल: समूहात सुवार्तावादी ख्रिस्ती त्याहून कमी असले की तो ‘न पोचलेला’. ती रेघ माणसांनी कामाच्या सोयीसाठी ओढलेली आहे, देवाने नाही. आकड्यांची सवय असलेल्या माणसाला आकडा दिसला की खात्री पटल्यासारखं वाटतं; तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. सोबत मोहीम, लक्ष्य, रणनीती, काबीज करणं अशी लष्करी भाषा सुरू झाली तर हात वर करून विचारा की ज्या गावाबद्दल आपण बोलतोय तिथला माणूस आत्ता या खोलीत बसला असता तर आपण हेच शब्द वापरले असते का. मी विचारलं होतं. थोडी शांतता झाली, मग पुढची स्लाइड आली. तरी विचाराच.

एक आकडा मात्र मला आवडतो. 1910 साली जगातल्या ख्रिस्ती लोकांपैकी सुमारे दोन तृतीयांश युरोपात होते. 2010 साली युरोपात साधारण एक चतुर्थांश उरले, बाकीचे आफ्रिका, लॅटिन अमेरिका, आशिया आणि इतरत्र. कोरियन, ब्राझिली, नायजेरियन मिशनरी आज जगभर आहेत, युरोपातही. म्हणजे जहाज आणि किनारा यांची जुनी वाटणी उरलेलीच नाही. ‘जाणं’ या शब्दाचा अर्थही त्यामुळे बदललाय. पौल करिंथात तंबू शिवून पोट भरत होता, हे प्रेषितांची कृत्ये 18 मध्ये आहे. हिशेब बघून जगणाऱ्याला त्यात आपली जागा सापडू शकते, टेबल न सोडता.

कोर्स निवडायचा कसा, हे तुम्ही विचारलं नाहीत, कारण तुमच्यापुढे एकच आहे. तरी पाळकसाहेबांना आधी दोन गोष्टी विचारून घ्या. शिकवणाऱ्यांत कुणी असा आहे का, जो स्वतः मिशन ‘घेणाऱ्या’ समाजातून आलाय? आणि पूर्ण फसलेल्या एखाद्या कामावर एक तरी सत्र आहे का? दोन्हींचं उत्तर नाही असेल तरी करा, पण वाचन जास्तीचं करावं लागेल. वाचनाचा आवाका कमी लेखू नका. संध्याकाळचे अडीच-तीन तास दिसतात, खरा वेळ घरी जातो, आणि नोकरी करणारी माणसं बऱ्याचदा मध्येच गळतात. परीक्षेचं श्रेय (क्रेडिट) हवंय की नुसतं प्रमाणपत्र, हे आधीच ठरवा. श्रेयासाठी लिखाण बरंच जास्त असतं. तुम्हाला पुढे धर्मशास्त्र शिकायचं नसेल तर त्या भानगडीत पडू नका.

आणि दोन वह्या न्या. एकीत वर्गात सांगतील ते. दुसरीत फक्त किनाऱ्यावरची नावं: भाषा शिकवणारे, पहिले बाप्तिस्मा घेणारे, नाही म्हणणारे, घरी राहिलेल्या बायका. दर आठवड्याला दुसऱ्या वहीतलं एक नाव बायकोला सांगा. व्याख्यान देऊ नका, ती दिवसभर वर्गात उभी असते, तिला आणखी एक वर्ग नकोय. नुसती गोष्ट सांगा आणि ती काय म्हणते ते ऐका. डोरोथीपासून सुरुवात केलीत तर त्या संध्याकाळी भांडी हळू ठेवली जातील, असा माझा अंदाज आहे. तिला संस्कृतीच्या सत्राला सोबत येऊ देतात का, तेही विचारा. बऱ्याच ठिकाणी एखाद्या पाहुण्याला हरकत नसते.

राहिला वाढदिवस. बहुतेक कोर्समध्ये एक-दोन गैरहजेरी चालते, लिखाण पुरं केलं की प्रमाणपत्र मिळतं, पण पहिल्याच दिवशी संयोजकांना विचारून ठेवा. नाहीच चाललं तर प्रमाणपत्राशिवाय कोर्स करा. शेवटच्या सत्रात दिवे मंद होतील, पेटी वाजेल. तुम्ही त्या वेळी घरी फुगे फुगवत असाल.

सप्रेम सलाम,
तुमची ताई